माहेरचा गाळ

चैत्र सरता सरता नागपूरचं ऊन रंग बदलतं. होळीनंतर ते हळदीचं असतं, रामनवमीला पितळेचं होतं, आणि अक्षय्य तृतीया आठवड्यावर आली की पांढरं पडतं. भट्टीतल्या चुनखडीसारखं पांढरं, निःशब्द, दाहगर्भ. रस्ते ओस पडतात. कडुनिंबाच्या सावल्या आखडून बुंध्याशी येऊन बसतात. आकाशाला निळेपण उरत नाही, नुसती उंची उरते.

शहराच्या दक्षिण टोकाला, जिथे परवापरवापर्यंत तुरीची शेतं होती, तिथे हेमराजनं घर बांधलं होतं. रंगाचा वास अजून न गेलेलं घर. दिवाणखान्याच्या छताला मधोमध काचेचा एक चौकोन होता, आणि त्यातून ते पांढरं ऊन खाली उतरायचं. गाळून, निवून, दुधाळ होऊन. उतरायचं ते एका खड्ड्यात. सहा फूट लांब, चार फूट रुंद, गुडघाभर खोल.

त्या खड्ड्याच्या काठावर रोज दुपारी एक म्हातारी येऊन बसायची.

फुलवंता तिचं नाव. हेमराजची आई. सत्तरी ओलांडलेली, काटक, कमी बोलणारी. तिच्या बोटांच्या पेरांवर बारीक पांढरे वण होते, तांदळाच्या कण्यांएवढे. शिंगाड्याच्या काट्यांचे वण. साठ वर्षांत देहावरचं बाकी सगळं बदललं होतं. हे वण तेवढे जिथल्या तिथे होते.

तळं घरात आणायची हौस सुनेची. प्रणालीनं कुठल्याशा मासिकात चित्र पाहिलं होतं: निळ्या फरशीचं इवलं सरोवर, तळाशी शुभ्र गोटे, दोन कमळं, पाचसहा सोनेरी मासे आणि करंगळीएवढी कारंज्याची धार. "घरात पाणी असलं की गारवा राहतो, आई," ती म्हणाली होती. "आणि येणाऱ्याजाणाऱ्याला किती छान वाटतं." वास्तूची पूजा अक्षय्य तृतीयेची ठरली होती. त्याच दिवशी तळ्यात पाणी खेळायला हवं होतं.

फुलवंता तेव्हा काही बोलली नव्हती. बोलण्यासारखं तिच्यापाशी पुष्कळ होतं. पाण्यानं काठोकाठ भरलेलं एक अख्खं बालपण होतं.

साकोलीच्या पलीकडे, साल आणि मोहाच्या रानाला टेकून, डोंगरटोला नावाचं एक गाव. गावाहून मोठं गावाचं तळं. किती पिढ्यांमागे कोणी बांधलं, कोणाला ठाऊक नाही. पाळीवरचे, म्हणजे बांधावरचे, आंबेच काय ते त्याच्या वयाचे. पहाटे ते राखाडी असायचं, दुपारी शिसवी, आणि सांजेला असं केशरी की बगळेसुद्धा क्षणभर उतरायला बिचकायचे. कार्तिकात त्याच्यावर शिंगाड्याच्या वेलीची हिरवी चटई पसरायची. फुलवंताचा बाप डोमाजी ढिवर, त्या तळ्यावर जगणारा मासेमार, त्या चटईत डोंगा घालायचा. डोंगा म्हणजे झाडाचा पोखरलेला बुंधा. त्यात एका टोकाला बाप, दुसऱ्या टोकाला ही आणि मधे धाकटा लहानू, ओल्या शिंगाड्यांच्या राशीत कमरेपर्यंत बुडालेला. बाप वेल उचलायचा, पोरगी फळं तोडायची, पोरगा खायचा. आणि खाताना पकडला गेला की म्हणायचा, "मी नाई खाल्ला. हिनं मले चारला."

पाणी, वेल, काटा, हसू. त्या दिवसांना दुसरं काही नव्हतं आणि दुसऱ्या कशाची उणीवही नव्हती.

त्या मुलखात शेताच्या कडेला जे छोटं तळं खोदतात त्याला बोडी म्हणतात. नवी बोडी खोदली की नुसतं पाणी सोडून भागत नाही. घरच्या बाईनं आपल्या माहेरच्या तळ्यातला गाळ मागवायचा, आणि तो भावानं स्वतः आणून द्यायचा. ओला गाळ, कमळाच्या पानांत बांधलेला, डोक्यावरून आणलेला. तो तळाशी पसरायचा, मग पाणी. जुन्या पाण्यानं नव्या पाण्याला लेकराप्रमाणे मांडीवर घ्यावं, असा त्यामागचा भाव. गाळाविना भरलेलं पाणी पोरकं राहतं, असं तिकडच्या म्हाताऱ्या सांगतात. पोरक्या पाण्यात कमळ धरत नाही, मासोळी रमत नाही, आणि त्याच्या काठी बसणाऱ्या माणसालाही कधी आपलं घर सापडत नाही.

खोदकाम सुरू झालं त्या दिवशी हे सगळं फुलवंताला आठवलं. आणि आठवलं तसंच तिनं ते गिळलं. कारण गाळ मागायचा तर लहानूला मागायला हवा होता, आणि लहानूच्या दारातून ती एकतीस वर्षांपूर्वी पाणी न पिता परतली होती.

*

तो श्रावण होता. बाप गेल्याचा निरोप सकाळी निघाला तो तिच्यापर्यंत दिवस मावळता पोहोचला. नाल्यांना पूर, गाडी अर्ध्यात थांबलेली. चिखल तुडवत, अनोळखी गावांतून वाट विचारत, दुसऱ्या दिवशी पहाटे ती डोंगरटोल्याला पोहोचली तेव्हा अंगणात ओली राख होती आणि तिच्याविनाच बापाला अग्नी देऊन माणसं पांगली होती. तळं मात्र भरलेलं होतं, काठोकाठ, निर्विकार.

भावजय गडवाभर पाणी घेऊन पुढे आली. दारात आलेल्याला पाणी देणं ही तिकडची पहिली रीत. फुलवंतानं तो गडवा हातानं बाजूला सारला. पाणी उंबऱ्यावर सांडलं.

"ह्या तळ्याचं पाणी आता माह्या घशाखाली उतरणार नाई," ती म्हणाली.

लहानू खांबाला टेकून उभा होता. ती वळली, पाळीवरून चालत गेली, आणि एकदाही मागे न पाहता आंब्यांच्या रांगेआड दिसेनाशी झाली.

मग वर्षं गेली. एकामागून एक, डोंग्यासारखी, आवाज न करता. त्याच्या घरची लग्नं झाली, हिच्या घरची झाली. पत्रिका आल्या, गेल्या. माणसं आली नाहीत. दर अक्षय्य तृतीयेला ती बापाच्या नावानं मातीची घागर भरायची, वर खरबूज ठेवायची, हात जोडायची. घागरीत पाणी नळाचं असायचं. डोमाजी ढिवराला नळाचं पाणी. दरवर्षी हात जोडताना हे तिच्या मनात यायचं, आणि दरवर्षी ती ते हातांबरोबरच खाली टाकायची.

*

तळं बांधायला गेंदलाल होता, बालाघाटकडचा, साठीतला, शांत हातांचा गवंडी. त्यानं विटा रचल्या, आतून सिमेंटचा गुळगुळीत लेप दिला, वर प्रणालीनं निवडलेल्या निळ्या फरश्या बसवल्या. समुद्रनील, काचकांत, पापणी लवावी अशा चमकणाऱ्या. मग पाणी भरलं, आणि बाजारातून केळीचा खांब आणून त्याचे तुकडे पाण्यात सोडले.

"हे काय?" प्रणालीनं विचारलं.

"सिमिटाच्या पोटात चुना असते, बाई. नव्या टाक्यात मासोळी टाकली तर सकाळी उलटी दिसन. केळ हा चुना पिऊन घेते. तीनदा पाणी बदलायचं, मंग टाका काय टाकायचं ते."

"पण पूजेला दहाच दिवस राहिलेत."

"चुन्याले पूजा समजत नाई," गेंदलाल म्हणाला आणि थापी धुऊ लागला.

काठावर बसलेली फुलवंता त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

पाणी पहिल्या दिवशी साबणासारखं बुळबुळीत होतं. दुसऱ्यांदा भरलं तेव्हा जरा हलकं झालं. तिसऱ्यांदा भरल्यावर तिनं त्यात बोट बुडवलं आणि जिभेवर टेकवलं. चुना गेला होता. पण चव काहीच नव्हती. आंधळ्याच्या डोळ्यासारखं ते पाणी. स्वच्छ, उघडं, आणि कुठेच न पाहणारं.

"यात गाळ लागते," ती त्या रात्री जेवताना म्हणाली.

"गाळ?" प्रणालीचा घास हातातच राहिला. "आई, फरश्या इटलीच्या आहेत."

"असू दे. त्याइले बी पाहू दे गाळ."

हेमराज खाली मान घालून जेवत राहिला. त्याला रीत ठाऊक होती. त्या रिवाजाच्या पोटात काय आहे तेही ठाऊक होतं. त्याला मामा एकदाच नीट आठवत होता. पाळीवर बसून त्याच्या दप्तराला शिवण घालताना, दात हसरे, बोटं ओली. तेव्हा तो आठ वर्षांचा होता. त्यानंतर घरात ते नाव कोणी घेतलं नव्हतं.

दोन दिवसांनी त्यानं गाडीतून दोन पोती उतरवली. "आणली माय. डोंगरटोल्याची." लहानपणी तो तिला माय म्हणायचा. आज कितीतरी वर्षांनी त्याच्या तोंडून ते आलं.

फुलवंता पोत्याजवळ बसली. तिनं मूठभर माती घेतली, नाकाशी नेली, मग दोन बोटांत चोळली. माती काळी होती, मऊ होती, निर्दोष होती. एखाद्या रोपवाटिकेच्या डबक्यातली असावी. तिच्यात कुजलेल्या वेलीचा आंबूस वास नव्हता, शिंगाड्याच्या सालीचा एक कण नव्हता. साठ वर्षं तळ्यात पडून काळ्या शिंगासारखी झालेली साल. चोळली की बोटाला लागतेच.

तिनं लेकाकडे पाहिलं. लेक भिंतीकडे पाहत होता.

"तुळशीले टाक," ती म्हणाली. "चांगली आहे."

एवढंच. ना राग, ना दुखावलेपण. पण ती दुपार तिच्यापुढे बसून राहिली. आपल्या हट्टानं पोराला खोटं बोलायला लावलं, चाळिशीच्या पोराला, तेही चिखलापायी. हा विचार काचेतून उतरणाऱ्या उजेडासारखा हळूहळू सरकत तिच्या पायांपाशी आला. इतवारीतलं भाड्याचं घर सोडून ती इथे आली होती, ती आता परत जाण्यासाठी नव्हे. उरलेले दिवस याच काठावर काढायचे होते. आणि हे पाणी असंच राहिलं, कोणाचंच नसलेलं, तर तिनं त्याच्यात काय पाहायचं होतं?

ऊन कलल्यावर तिनं हेमराजला हाक मारली.

"लहानूचा नंबर आहे तुह्यापाशी?"

त्यानं दचकून वर पाहिलं. होता. बारा वर्षं होता. त्यानं लावला, तिच्या हातात दिला आणि बाहेर गेला.

पलीकडे घंटी वाजली. खूप वेळ वाजली. मग कोंबड्यांचा आवाज आला, कुठेतरी पाण्याचा पंप, आणि त्यातून एक घोगरा स्वर.

"कोण?"

"फुला."

पंप चालू राहिला. कोंबड्या बोलत राहिल्या. एकतीस वर्षं त्या तारेवरून, थेंब थेंब, ओघळत राहिली.

"गाळ पायजे होता गा," ती म्हणाली. "बोडी बांधली घरात."

"घरात?"

"घरात. शहरात तसंच असते."

"किती?"

"घमेलंभर."

"कवा पायजे?"

"शुक्रवारच्या आत."

"ठीक," तो म्हणाला, आणि फोन बंद झाला. येतो म्हणाला नाही. पाठवतो म्हणाला नाही. कशी आहेस, हेही नाही. फुलवंता फोन मांडीवर ठेवून बसून राहिली, आणि त्या 'ठीक'चा नाद तिच्या कानात मातीच्या मडक्यावर बोट आपटावं तसा घुमत राहिला. मडकं फुटकं आहे की साबूत, ते काही केल्या कळेना.

मंगळवार गेला. बुधवार गेला. प्रणालीनं शुभ्र गोट्यांची पिशवी आणून काठाशी ठेवली. तिनं विचारलं काही नाही, पण पिशवी नजरेला पडेल अशी ठेवली. फुलवंता पिशवीकडे पाहायची, मग दाराकडे, मग पुन्हा त्या रिकाम्या निळ्या पेटीकडे. पाणी तिनं उपसून टाकायला लावलं होतं. कोरडं तळं दुपारच्या उजेडात लखलखायचं, तहानेसारखं, जिद्दीसारखं.

*

गुरुवारी चारच्या सुमारास, ऊन अजून पांढरं असताना, फाटकाशी एक रिक्षा थांबली.

त्यातून एक म्हातारा उतरला. आखूड धोतर, डोक्याला दुपट्टा, गुडघे बाहेरच्या बाजूला वाकलेले. पाण्यात उभं राहून राहून ढिवराचे गुडघे तसे होतात. त्यानं रिक्षेतून घमेलं ओढलं, दुपट्ट्याची चुंबळ केली, घमेलं डोक्यावर चढवलं. फाटकापासून दारापर्यंत पंधरा पावलं होती. ती पंधरा पावलं तो रीतीप्रमाणे चालत आला. गाळ डोक्यावर, हात मोकळे, कडेनं काळपट पाण्याची धार कानामागे ओघळलेली.

फुलवंता उंबऱ्यावर उभी होती. तिच्या हातात काही नव्हतं. पाणी देण्याची रीत तिला आठवत होती, पण ते त्याच्यापुढे धरण्याचं धाडस होत नव्हतं. हिनं सारलेला गडवा त्याच्या आठवणीत अजून सांडत असेल, तर?

लहानू तिच्यासमोर थांबला. त्याला श्वास लागला होता. दोघांनी एकमेकांना पाहिलं. आणि दोघांनाही समोर बापाचाच चेहरा दिसला, एकाला स्त्रीच्या पदराखाली, एकीला घमेल्याच्या सावलीत.

"अवो बाई," तो म्हणाला, "पाणी तं दे. की शहरात इकत घ्या लागते?"

तिनं आत जाऊन पाणी आणलं. त्यानं घमेलं न उतरवताच, मान ताठ ठेवून, ओठांना लावून अख्खा गडवा संपवला. घोटाघोटाला त्याच्या गळ्याची घाटी हलत होती. फुलवंता ती घाटी पाहत उभी राहिली. शेवटचा घोट उतरेपर्यंत पाहत राहिली.

मग दोघं तळ्याच्या काठाशी बसली. कमळाची पानं सोडली. आत गाळ होता. घन, मेघश्याम, चकचकीत, उन्हाळ्यानं आटत चाललेल्या तळ्याच्या गाभ्यातला. वास उसळला, आणि त्या नव्या, रंगगंधी, काचछती घरात डोंगरटोला पसरला. कुजलेली वेल, गोगलगाईची शिंपली, ओलं लाकूड, बगळ्याची विष्ठा, आंब्याचा जुना पाचोळा. प्रणालीनं पदर नाकाशी नेला. मग सासूकडे पाहून हळूच खाली घेतला. गाळात दोन कमळकंद होते आणि मूठभर कोंब फुटलेले शिंगाडे.

"बा आंघोळीले उतरे, त्या पायरीखालचा आहे," लहानू म्हणाला.

ती गाळ पसरू लागली. तो कंद रोवू लागला. निळी फरशी बोटाबोटानं नाहीशी होत गेली. चार हात, एकाच चिखलात कोपरापर्यंत. दुरून पाहणाऱ्याला कोणता कोणाचा ते सांगता आलं नसतं.

"तुही वाट पाहिली होती," तो वर न पाहता बोलला. "दिवस कलेपर्यंत. मंग आणखी पाऊस लागला. लोकं म्हणाले, आता थांबता येत नाई."

"माहीत होतं मले."

त्याचे हात थांबले. "तवाच?"

"तवाच. येताना वाटेतच एका बाईनं सांगतलं."

"मंग काहून गेलीस तशी?"

फुलवंतानं एक ढेकूळ घेतलं, फोडलं, पसरलं. मग आणखी एक.

"कोणावर तरी रागवाचं होतं गा," ती म्हणाली. "पुरावर किती रागवू?"

लहानूच्या चेहऱ्यावरून काहीतरी गेलं, ढगाची सावली पाण्यावरून जावी तसं. कडेला पोहोचलं आणि दिसेनासं झालं. त्यानं दुसरा कंद उचलला.

"माह्यावर रागवलीस तं रागवलीस," तो म्हणाला. "ते एकतीस कार्तिकाचे शिंगाडे तं माह्या एकट्याच्या माथी आले. खाऊन खाऊन दात गेले." आणि त्यानं तोंड उघडून दाखवलं. खरंच, समोर चारच उरले होते.

दारात उभा असलेला हेमराज हसला, आणि हसताना त्याला पाठ फिरवावी लागली.

पाणी सोडलं. लहानूनं गाळावर कमळाचं एक पान अंथरलं आणि धार त्या पानावर धरली, तळ उसळू नये म्हणून. तरी पाणी रंगलंच. आधी पिवळट, मग चहासारखं, मग दाट तांबूसकाळं. भरता भरता काठाला आलं आणि थांबलं. सहा फूट, चार फूट, गढूळ.

प्रणाली काठाशी येऊन उभी राहिली. उद्या सत्तर माणसं येणार होती. तिच्या हातात गोट्यांची पिशवी होती. तिनं ती जिन्याखाली ठेवून दिली.

"मामा, हे निवळणार कधी?"

"हात नाई घातला तं सकाळपर्यंत," लहानू म्हणाला. "सारं आपोआप बसते. घाई केली की पुन्हा उठते."

कोणी हात घातला नाही. भाऊबहीण काठावर बसून राहिली, कोपरांवरचा चिखल वाळून करडा होईपर्यंत. बोलायला एकतीस वर्षं होती आणि त्यांतलं एकही त्यांनी काढलं नाही. काचेतला चौकोन पांढऱ्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा केशरी. पाण्याचा वरचा थर, बोटभर, जेमतेम बोटभर, उजळ होऊ लागला. खालून कुठूनतरी, त्या खोल, जुन्या, निजलेल्या गाळातून, एक बुडबुडा सुटला. गढूळपणातून वाट काढत सावकाश वर आला, उजेडात क्षणभर गोल थांबला, आणि फुटला. मग काही वेळानं आणखी एक. मग एक.